निखाऱ्यावरचं झाकण

मंदाकिनी गिरासेने गाडग्याचं झाकण उघडलं, तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. तिच्या हातात गाडगं नव्हतं आणि झाकणही नव्हतं. ओंजळीसारखा वळवलेला डावा तळहात होता आणि त्याच्यावरून अलगद उचललेली उजव्या हाताची बोटं. तरी पुढच्या रांगेतल्या बायका माना उंच करून तिच्या ओंजळीत बघायला लागल्या.

“आणि आत,” मंदा म्हणाली, “राखेच्या पोटात निखारा तसाच. लाल.”

मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. सगळ्यांसारखी मीही ओंजळीकडे बघत होते, पण कारण वेगळं होतं. ती गोष्ट माझ्या आईची होती, आणि मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

जानेवारी महिना होता. आमच्या गावच्या वाचनालयाने वर्धापनदिनाला परिसंवाद ठेवला होता: सातपुड्याच्या पायथ्याचा इतिहास, संस्कृती आणि गोष्ट. मंचावर आम्ही तिघं. अध्यक्ष भटू सर, शाळेतून निवृत्त झालेले आणि तालुक्यातल्या देवळांवर, बारवांवर लिहिणारे. मंदाकिनी गिरासे, कथाकार. आणि मी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी आणि सुट्टीत जुन्या गोष्टी गोळा करणारी. भटू सरांनी सुरुवातच अशी केली होती, की पुण्या-मुंबईच्या लोकांचा उत्तर महाराष्ट्र नाशिकला संपतो, आपण त्याच्याही वरचे, म्हणून आपलं आपणच लिहून ठेवलेलं बरं. लोक हसले होते. मीही हसले होते.

मंदाची गोष्ट तशी छोटी. खाली गुजरातेत धरण झालं आणि तापीचं पाणी मागे चढत आलं, तेव्हा काठची काही गावं उठली. त्यातलं एक माझ्या आईचं माहेर. त्या गावात आगपेटी विकत आणणं कमीपणाचं मानत. विस्तव एका घरात राखायचा आणि सकाळी सगळ्यांनी तिथून न्यायचा. ते घर आईच्या आत्याचं, गोदूआत्याचं. गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, कौलं गाड्यांवर चढवली. गोदूआत्याने राखेत निखारे घातले, गाडगं मांडीवर घेतलं आणि गाडीत बसली. नव्या जागी पोहोचल्यावर झाकण उघडलं, तर निखारा लाल. त्या निखाऱ्यावर नव्या गावातली प्रत्येक चूल पेटली.

टाळ्या वाजायला वेळ लागला. आधी कोणीतरी नाक ओढलं, मग टाळ्या वाजल्या.

मी टाळ्या वाजवल्या की नाही हे मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मंदाच्या कानातले डूल बघत होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती, की ‘गोदूआत्या’ हे नाव उच्चारायचा हिला काय अधिकार.

आईला आम्ही जिजी म्हणायचो. जिजी म्हणजे आमच्या भागातली नावाजलेली गोष्टी सांगणारी. मला तिच्या गोष्टींचं पुस्तक करायचं होतं. जळगावच्या एका प्रकाशकाने होकार दिला होता. तीन वर्षं मी दर रविवारी तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवत होते. हस्तलिखित जवळजवळ तयार होतं. फक्त माहेरचं गाव उठल्याची गोष्ट राहिली होती. तिच्यावाचून पुस्तकाला अर्थ नव्हता, हे प्रकाशकालाही कळत होतं आणि मलाही. जिजीला विचारलं की ती म्हणायची, ती राहू दे, पुढच्या खेपेला. एकदा तर म्हणाली, त्यात काय आहे, सगळीच गावं उठली.

मंदा आमच्याकडे वर्षभरापासून यायची. यजमान पाटबंधारे खात्यात, मुलं मोठी झालेली, दुपार मोकळी. मी कॉलेजात असताना ती जिजीपाशी येऊन बसायची. जिजीला मिसरी लावायची सवय होती. मी तोंडाच्या कर्करोगाची चित्रं दाखवून ती सोडवायच्या मागे होते, आणि मंदा पदराखालून मिसरीची पुडी काढून द्यायची. वर माझ्या आईला जिजी म्हणायची. मी एकदा तिला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की बाहेरची माणसं आईला काकू म्हणतात. ती म्हणाली, “हो का? मला तर त्यांनीच सांगितलं, जिजी म्हण.”

भटू सरांनी आता माझं नाव पुकारलं.

मी मौखिक कथांच्या नोंदणीच्या पद्धतीवर बोलणार होते. पाच-सहा मिनिटं बोलले. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा, गॅसवर कुकर नसावा, नोंद घेणाऱ्याने मध्ये बोलू नये, शक्य तर श्वासाचाही आवाज येऊ देऊ नये. माझ्या तीन वर्षांच्या टेपांमध्ये एकही टेप अशी नाही की जिच्यात सांगणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा आवाज आहे, हे मी अभिमानाने सांगितलं. मागच्या रांगेतला एकजण घड्याळ बघत होता. मग मी टेप लावली.

मी निवडली होती ती मिठाच्या बैलांची गोष्ट. लमाणांचे तांडे मीठ लादून सातपुड्याच्या वाटेने जायचे, तेव्हाची.

“मिठाचे बैल घाट चढून आले,” जिजीचा आवाज म्हणाला. मग शांतता. “पुढचा बैल थांबला.” पुन्हा शांतता.

त्या शांतता मला पाठ होत्या. लिहून काढताना मी प्रत्येकीच्या जागी तीन टिंबं दिली होती. प्रस्तावनेच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलं होतं, की वयोमानामुळे निवेदकाला मध्ये मध्ये आठवावं लागतं. जिजी तेव्हा अडुसष्टची होती.

“लमाण म्हणाला, चल रे. बैल चालेना.”

शांतता.

“हं,” मंदा म्हणाली.

ती माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती. कोणाकडेच बघून नाही. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि तोंडातून ते आपसूक निघालं होतं. आणि जिजीच्या आवाजाने, दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात फितीवर उतरलेल्या आवाजाने, ते ऐकल्यासारखं लगेच पुढचं वाक्य उचललं.

“त्याने गोणीला हात लावला. गोणी ओली.”

“हं,” मंदा म्हणाली. या वेळी पुढच्या रांगेतली एक म्हातारीही म्हणाली. त्यापुढच्या वाक्याला पाचसहा जणी. मग पुरुष. मिठाचे बैल घाट उतरेपर्यंत अख्खं सभागृह एका सुरात हुंकार देत होतं आणि टेपमधली माझी आई त्यांच्याशी बोलत होती. एकही हुंकार आधी पडला नाही की मागे राहिला नाही. जागा सोडलेल्याच होत्या.

आमच्याकडे गोष्ट गप्प बसून ऐकत नाहीत. सांगणाऱ्याने वाक्य टाकायचं, ऐकणाऱ्यातल्या एकाने हुंकार द्यायचा, मग पुढचं वाक्य. हुंकार देणारा झोपला तर गोष्ट तिथे थांबते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी जिजीच्या मांडीला टेकून मीच द्यायची. पण टेपरेकॉर्डर आल्यावर मी त्याला आवाज समजायला लागले, म्हणजे नको असलेला.

भटू सर खूश झाले. म्हणाले, टेपला हुंकार देणारं देशातलं हे पहिलंच वाचनालय असेल. मंदा माइक ओढून म्हणाली, “रत्ना, तू टेप लाव, मी हं म्हणते. आपली जोडी चांगली जमेल.” लोक मोकळं हसले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो प्रेमाने ठेवलेला होता, त्यामुळे जास्तच जड वाटला.

चहाच्या वेळी तिने मला खांबाआड गाठलं. निखाऱ्याची गोष्ट आपल्या नव्या संग्रहाची शीर्षककथा होणार, असं सांगितलं. जिजींचा उल्लेख अर्पणपत्रिकेत करणार होती. मला चालेल ना, असं विचारलं.

“मला काय विचारायचं? गोष्ट तुला सांगितली आहे.”

“तुला सांगितली नव्हती?” तिने कप बशीत ठेवला. तिचं आश्चर्य खरं होतं, हे मला त्याही वेळी दिसलं. “अगं, मला तर पहिल्याच आठवड्यात.”

घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जिजी अंगणात खाटेवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. तिला गुडघ्यांमुळे कार्यक्रमाला येता आलं नव्हतं. मी टेपरेकॉर्डर खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, मंदीने सांगितली का. मंदी. मला ती कधी रत्नी म्हणाल्याचं आठवत नव्हतं.

“सांगितली.”

“लोक रडले?”

“रडले.”

जिजीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी बघू शकले नाही. मी तिच्यासमोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले आणि शेंगा ओढून घेतल्या. दोघी काही वेळ सोलत राहिलो. माझ्या शेंगांमधले दाणे अंगणभर उडत होते.

जिजी घरात अहिराणी बोलायची. मी इथे तिचं बोलणं बहुतेक माझ्या भाषेत आणलं आहे. पण तेव्हाची तिची तीन वाक्यं मला बदलता येत नाहीत. मी विचारलं होतं, मी तीन वर्षं दर रविवारी समोर बसते, मग मला का नाही सांगितलीस?

“तू कोठे आयकस?” ती म्हणाली. “तुनं मशीन आयकस. मी कोणले सांगू?”

मी तिला समजावलं, की मध्ये आवाज आला तर टेप खराब होते, म्हणून मी श्वास रोखून बसते. ऐकत असतेच. ती म्हणाली, समोर माणूस आहे की दगड हे सांगणाऱ्याला कळायला नको? लाल बटण दाबलं की माझा चेहरा तिला परीक्षेवरच्या मास्तरणीसारखा दिसतो. आता चुकलं तर ही खाली लाल रेघ मारणार, असं वाटतं. म्हणून ती लहान लहान गोष्टी सांगून मोकळी व्हायची. बैलांच्या, कोल्ह्यांच्या.

“आणि मंदा?”

“ती हं म्हणते,” जिजी म्हणाली.

एवढं साधं कारण असेल असं मला वाटलं नव्हतं. काहीतरी मोठं कारण असतं तर मला सोसलं असतं. मी ताट बाजूला सारलं आणि जे बोलायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं ते बोलले. म्हटलं, “माझी गोष्ट तू तिला देऊन टाकलीस. आता ती पुस्तकात छापेल. मला काय राहिलं?”

जिजीने पदराला हात पुसले.

“ती पाहुणी आहे, रत्ना. पाहुणीपुढे भरलेलं ताट ठेवायचं. काय करपलं आणि ते कसं सावरलं, हे दाखवायला तिला चुलीपाशी नेतो का आपण?”

मला समजलं नाही. तिने मला दार लोटून घ्यायला सांगितलं. टेपरेकॉर्डरकडे हनुवटीने खूण केली, म्हणजे तो बाहेरच राहू दे. आम्ही आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली.

“गाडीत कडबा भरला होता,” ती म्हणाली.

आणि थांबली. मला एक क्षण कळलंच नाही की ती माझ्यासाठी थांबली आहे.

“हं,” मी म्हटलं.

“बाळंतीण कण्हते तसं नको. नीट दे.”

“हं.”

“वारा सुटलेला. गोदूआत्याला वाटलं, ठिणगी उडाली तर कडबा पेटेल. गाडी जाईल, बैल जातील.”

“हं.”

“म्हणून तिने झाकण घट्ट बसवलं. कडेने ओलं शेण लिंपलं. फट म्हणून ठेवली नाही. आणि मांडीवर असं धरलं, जसं काही तान्हं पोर आहे.”

गाडीत जिजी होती, हे मला माहीत होतं. ती माहेरच्यांना हात द्यायला गेली होती. मी तेव्हा पुण्याला एम.एस्सी.च्या परीक्षेत होते. गाडीवान धरून तिघंच. निम्म्या वाटेवर एक नाला लागला. गाडीवानाने बैल सोडले आणि पाण्यावर नेले. गोदूआत्या म्हणाली, बघू तरी. तिने नखाने शेण खरवडलं आणि झाकण काढलं.

“काळं,” जिजी म्हणाली.

मी हुंकार द्यायला विसरले. “हवाच नव्हती त्याला,” मी म्हटलं. “बंद भांड्यात ऑक्सिजन किती वेळ पुरणार? घट्ट झाकलं तिथेच—”

“गोष्टीत बोलू नये. हं म्हण.”

“हं.”

गोदूआत्याने राखेत बोट घातलं. मग दुसरं बोट. मग अख्खा हात कोपरापर्यंत राखाडी होईस्तोवर फिरवला. सगळं गार. मागे गाव पाण्याला दिलेलं होतं, तिथून विस्तव आणायला कोणी उरलं नव्हतं. पुढे माळावर साठ घरं चुली मांडून बसली होती. जिजी म्हणाली, मला रडू आलं, पण आत्या रडली नाही. तिने नाल्याकडे बघितलं. गाडीवानाची पाठ होती. तिने कमरेचा मिसरीचा बटवा सोडला आणि त्यातून आगपेटी काढली.

“आगपेटी?” मी म्हटलं.

“हं म्हण.”

“हं.”

“विस्तव राखणाऱ्या बाईच्या बटव्यात आगपेटी. किती वर्षांपासून होती कोणाला माहीत.” जिजीचं अंग हसण्याने हलायला लागलं. “बाभळीच्या आड बसली. पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्या, त्यावर गोवरी धरली, निखारा पडेपर्यंत फुंकत बसली. या वेळी झाकण तिरकं ठेवलं. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, तुला काय दिसलं गं?”

“हं.”

“मी म्हटलं, बैल पाणी पीत होते.”

जिजी डोळे पुसत होती. हसून पुसत होती की कशाने, हे मी विचारलं नाही, कारण गोष्टीत बोलायचं नसतं. पुढचं सगळं मंदाने सांगितलं तसंच. गाडी माळावर आली, बायका धावत आल्या, झाकण उघडलं, निखारा लाल. साठ चुली पेटल्या. गोदूआत्या पुढे दहा वर्षं जगली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. जिजीनेही नाही, माझ्या वडिलांनासुद्धा.

“तिथली पोरं अजून सांगतात, आमची आग जुन्या गावची,” जिजी म्हणाली. “सांगू दे. मी मेल्यावर तुला काय लिहायचं ते लिही. गावाचं नाव तेवढं घेऊ नको.”

मग ती उठली आणि दाण्यांना फोडणी घालायला गेली. मी अंगणात उडालेले दाणे वेचायला लागले. संभाषणातल्या कुठल्या वाक्याने ते झालं ठाऊक नाही, पण सकाळपासून छातीत बसलेलं ओझं गेलेलं होतं. त्या जागी जे आलं ते काही फार चांगलं नव्हतं. मला मंदाची कीव येत होती, आणि ती कीव मी चघळत होते, पेपरमिंटच्या गोळीसारखी, लवकर संपू नये म्हणून.

माझं पुस्तक त्या वर्षी आलं. त्यात मिठाचे बैल आहेत, कोल्हे आहेत, तीन टिंबं कुठेही नाहीत. निखाऱ्याची गोष्ट नाही. प्रकाशक नाराज झाला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. मंदाच्या संग्रहाच्या चार निघाल्या. जिजी गेली तेव्हा मंदा माझ्यापेक्षा मोठ्याने रडली आणि समाचाराला आलेली माणसं आधी तिला भेटली.

त्या नव्या गावात आता दरवर्षी, गाव उठलं त्या तिथीला कार्यक्रम होतो. मंदाला बोलावतात. ती मला सोबत नेते. गोष्ट एकटीने सांगायची नसते, आणि माझ्याइतका हुंकार कोणाला जमत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. मी तिच्या डाव्या हाताला बसते. ती ओंजळ धरते, मी हं म्हणते. लहान मुलं, त्यांच्या आया, त्या साठ घरांतल्या म्हाताऱ्या, सगळे ओंजळीत बघतात. खरं सांगायचं तर आजही मला तिचा हेवा वाटतो. मला एवढं माहीत असूनही ती सांगते तेव्हा मलाही निखारा दिसतो.

गेल्या वर्षी आम्ही गाडीने परतत होतो. आम्ही दोघी आता म्हाताऱ्या आहोत. नाल्यावरच्या पुलावर आल्यावर ती म्हणाली, “रत्ना, एक विचारू? सगळ्या वाक्यांना तुझा हं बरोबर पडतो. फक्त निखारा लाल म्हटलं, की तुला दरवर्षी उशीर होतो. का गं?”

मी खिडकीची काच थोडी खाली केली.

“हवा घेते,” मी म्हटलं.

खाली नाल्यात कोणाचे तरी बैल पाणी पीत होते.